गुलाबांच्या पाठीवर सात देश

मुळात काम दोन पानांचं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक ओरोझबेकलाच नावं ठेवतात. म्हणतात, हात दाखवून अवलक्षण केलं. तसं काही नव्हतं. माणूस साधा होता, घेतलेलं काम नीट करावं एवढाच त्याचा दोष, आणि हा दोष सरकारी नोकरीत फार महागात पडतो.

आक्केचूच्या इस्पितळात ओरोझबेक उपमुख्य डॉक्टर. शिकला होता कान-नाक-घसा, पण अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं अक्षर चांगलं आहे असं म्हणालं आणि तेव्हापासून त्याच्या हाती फाइली आल्या. अकरा वर्षांत त्याने कुणाच्या कानात डोकावून पाहिलं नव्हतं. राजधानीतल्या खात्याचं पत्र आलं तेव्हा मुख्य डॉक्टर बुरुल एजेंनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि अलगद त्याच्या टेबलावर ठेवलं. एजे म्हणजे थोरली बहीण. बुरुल एजे वयाने ओरोझबेकपेक्षा चार वर्षांनी धाकट्या, पण खुर्ची थोरली असली की माणूस आपोआप थोरला होतो.

पत्रात म्हटलं होतं की आता राजधानी बिश्केकबाहेरच्या इस्पितळांनाही निवासी डॉक्टर घडवण्याची परवानगी मिळू शकेल. इच्छुकांनी दोन महिन्यांत अर्ज करावा. सोबत ‘विविध देशांतील डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणपद्धतींचा तुलनात्मक आढावा’ दोन पानांत जोडावा आणि त्यात आपलं इस्पितळ कुठे बसतं ते दाखवावं. बुरुल एजेंचं म्हणणं असं की हे काम ओरोझबेकनेच करावं, कारण त्याला जर्मन येतं. ओरोझबेक शाळेत सहा वर्षं जर्मन शिकला होता हे खरं. आज हवा छान आहे आणि माझी पेन्सिल टेबलाखाली आहे, एवढं तो बिनचूक सांगू शकत असे.

तरी त्याने नाही म्हटलं नाही, आणि त्याला कारण होतं. कारणाचं नाव सागिन अके.

अके म्हणजे थोरला भाऊ. सागिन अके एकाहत्तर वर्षांचे. इस्पितळातले एकमेव सर्जन. हिवाळ्यात घाट बंद झाला की अख्ख्या खोऱ्याची अपेंडिक्सं आणि हर्निया त्या दोन हातांच्या भरवशावर. तीनदा त्यांनी राजीनामा दिला. तिन्ही वेळा रीतसर निरोपसमारंभ झाला, मेंढा कापला, भाषणं झाली, अंगावर भरजरी झगा घातला गेला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी पोट धरून दारात आलं. आता अक्यांकडे निरोपाचे तीन झगे आहेत आणि नोकरीही आहे. त्यांची बायको चार वर्षं म्हणतेय की तलावाकाठी मुलीकडे जाऊन राहू, जर्दाळूची बाग आहे, हवा आहे. तरुण सर्जन मात्र नऊ वर्षांत एकही आला नाही. शहरात शिकलेला शहरातच राहतो, हे कळायला आढावा लागत नाही. इथेच शिकवलं, तर एखादा टिकेल. म्हणून ओरोझबेकने अक्यांच्या घरी भाकरीवर हात ठेवून शब्द दिला की वसंतात तुम्हाला मोकळं करतो. आमच्याकडे भाकरीवर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही. बोललाच, तर निदान पुढच्या जेवणापर्यंत त्याला झोप लागत नाही.

तर दोन पानं. पहिल्या संध्याकाळी ओरोझबेकने अर्धं पान लिहिलं, वाचलं आणि फाडलं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. त्याची बायको कानिशाई शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासता तपासता म्हणाली की तुलना करायची तर एवढी वाक्यं कशाला, तक्ता आखा. आडवे देश, उभे रकाने. कुठल्याही आपत्तीचा उगम शोधत गेलं की शेवटी एका शहाण्या माणसाचं एक शहाणं वाक्य सापडतं. ते हे.

तक्ता कागदावर मावेना. झोपायच्या खोलीला वॉलपेपर लावला होता त्यातली एक गुंडाळी उरली होती, पुढून लाल गुलाब आणि मागून पांढरीशुभ्र. ती तीन मीटर कापून ओरोझबेकने बैठकीच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली. गुलाब भिंतीकडे आणि देश माणसांकडे. सात ओळी: जर्मनी, अमेरिका, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान, भारत, आणि सगळ्यात खाली आक्केचू. रकाने सहा: प्रवेश कसा, वर्षं किती, नेमतो कोण, कुठल्या वर्षी हाताने काय करायला मिळतं, शिकवतो कोण, शेवट कसा होतो. लांब उभं राहून पाहिल्यावर त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. तो तसाच राहिला असता, पण शेजारी चहाला आला.

शेजारी म्हणजे झुमाश अके, निवृत्त पशुवैद्य. चाळीस वर्षं घोड्यामेंढ्यांत काढल्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांनी तक्त्यासमोर बसकण मारली आणि विचारलं, यात अमेरिका काय म्हणते? ओरोझबेकने समजावलं की तिथे शिकून झालेला डॉक्टर आपल्या पसंतीच्या इस्पितळांची यादी देतो, इस्पितळं आपल्या पसंतीच्या डॉक्टरांची यादी देतात, आणि एक यंत्र दोन्ही याद्या जुळवून जोड्या लावतं. एकदा जोडी लागली की कुणी नाही म्हणायचं नाही. झुमाश अक्यांचा पेला हातातच राहिला.

“म्हणजे स्थळ यंत्र ठरवतं?” ते म्हणाले. “मग व्याह्यांना जेवायला कोण बोलावतं?”

झुमाश अक्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं की अमेरिकेत डॉक्टरांची लग्नं यंत्र लावतं. तिथून वणवा पेटला. ज्याचं ज्याचं कुणी परदेशात होतं तो तो तक्त्यात भर घालायला येऊ लागला. एकीचा भाचा मॉस्कोत टॅक्सी चालवत होता. त्याच्या गाडीत एकदा एक निवासी डॉक्टर बसला होता आणि सबंध वाटभर घोरत होता, तेव्हा रशियाच्या ओळीत ‘झोप मिळत नाही’ असं लिहाच, म्हणून ती अडून बसली. एकाची मुलगी इस्तंबूलला शिवणकाम करत होती. तिने फोनवर सांगितलं की तिथे एकच मोठी परीक्षा असते आणि पुढे सरकार सांगेल त्या गावी जाऊन काही काळ नोकरी करावी लागते. हे ऐकून बुरुल एजे उठून उभ्याच राहिल्या आणि ती गावं कुठल्या कायद्याने मिळतात ते विचारू लागल्या. इंग्लंडबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे इंग्लंडबद्दल सगळ्यात जास्त वाद झाला.

भारताची माहिती मात्र पक्की निघाली. बिश्केकमध्ये भारतातली पोरं ढिगाने शिकतात, आणि झुमाश अक्यांची नात सेझिम त्यांच्याच बरोबर शिकून नुकतीच डॉक्टर झाली होती. तिने मैत्रिणीला विचारून कळवलं: एक परीक्षा, दोन लाखांवर डॉक्टर तिला बसतात, मग नंबर लागला तर तीन वर्षं. झुमाश अक्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. आपल्या खोऱ्यात मेंढ्यासुद्धा तेवढ्या नाहीत, असं ते म्हणाले.

जर्मनीच्या ओळीवर मात्र त्यांचा विशेष डोळा होता. ओरोझबेकने लिहिलं, ‘सर्जरीला सहा वर्षं, पगारी नोकरी, केलेल्या प्रत्येक कामाची वहीत नोंद, शेवटी परीक्षा.’ झुमाश अके रोज येऊन त्यात दुरुस्त्या सुचवत. तिथे सूर्य दिसत नाही असं लिही. तिथे मटण कागदात गुंडाळून मिळतं, ते कुठल्या जनावराचं हे कुणी सांगत नाही, असं लिही. शेजाऱ्याला चहाला बोलावलं तर तो आधी तारीख विचारतो, असं लिही. शेवटी कानिशाईने लाल पेन खाली ठेवून विचारलं की अके, तुमचं जर्मनीशी नेमकं वैर काय? तेव्हा म्हाताऱ्याने मान खाली घातली. सेझिमला सर्जन व्हायचं होतं, ती जर्मन शिकत होती आणि तिने चाकांची मोठी निळी बॅग घेतली होती. चोराच्या मनात चांदणं ते हेच. त्यानंतर सूर्याबद्दल कुणी बोललं नाही, पण ओरोझबेकने माणुसकीच्या भरात ‘हवा ढगाळ’ एवढं एका कोपऱ्यात लिहिलं.

या सगळ्यात सातवी ओळ रिकामीच राहिली. लिहायचं काय? प्रवेश कसा: अजून कुणी मागितला नाही. शिकवतो कोण: सागिन अके. पण सागिन अके बोलायलाच तयार नव्हते. ओरोझबेक वही घेऊन तीनदा त्यांच्याकडे गेला. तुमची शिकवण्याची पद्धत सांगा, म्हणाला. अक्यांनी पहिल्या खेपेला चहा दिला, दुसऱ्या खेपेला कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, दिली, आणि तिसऱ्या खेपेला म्हणाले, “मला पद्धतबिद्धत काही नाही, बाबा. पोट दुखतंय ते कापतो, दुखत नाही ते सोडून देतो.” हे तक्त्यात बसेना. ओरोझबेक रोज त्या रिकाम्या ओळीकडे बघायचा आणि त्याला शरम वाटायची. सहा देश भरले आणि आपलं घर ओसाड, हे माणसाला लागतंच.

यानंतर कार्यालय आलं. विभागीय कार्यालयातल्या बाईंनी तीन मीटरची गुंडाळी उलगडू दिली नाही. पुरवणी ए-चार आकारातच चालेल. शिवाय परदेशांची माहिती खरी कशावरून? प्रत्येक देशाचा शिक्का हवा, आणि गोल हवा, तिकोनी चालणार नाही. ओरोझबेकने नम्रपणे विचारलं की अख्ख्या देशाचा शिक्का कुठे मिळतो. बाई म्हणाल्या, ज्या त्या देशाकडे.

त्याने सहा दूतावासांना पत्रं घातली. महिना गेला. पाचांनी उत्तर दिलं नाही आणि एकाने भिंतीवरचं कॅलेंडर पाठवलं, बारा महिने बारा किल्ले. ओरोझबेक ते नुसतं दाखवायला म्हणून घेऊन गेला. पण कॅलेंडरच्या पाठीमागे कोपऱ्यात छापखान्याचं एक गोल चिन्ह होतं. बाईंनी ते भिंगाखाली पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि कॅलेंडर सहाही देशांच्या वतीने फाइलला लावून टाकलं. आता उरला आकार. कानिशाईने शाळेच्या झेरॉक्सवर तक्ता तुकड्यातुकड्यांनी काढला, चिकटवला, लहान केला, पुन्हा लहान केला, आणखी लहान केला. शेवटी ए-चारवर जे उमटलं ते लांबून मुंग्यांची रांग वाटत होतं आणि जवळून मुंग्या वाटत होत्या. काहीच वाचता येत नसल्यामुळे त्यात चूकही काढता येईना. बाईंनी शिक्का मारला. खालची रिकामी ओळ त्यांना झेरॉक्सचा दोष वाटली.

ओरोझबेकला वाटलं, सुटलो. पण तीन आठवड्यांनी पत्र आलं: अर्ज विचारार्थ घेतला आहे, पुरवणी वाचता न आल्याने मूळ तक्ता जागेवर येऊन पाहण्यात येईल, तीन जणांचं मंडळ येत आहे, नावं सोबतच्या पानावर. सोबतचं पान सोबत नव्हतं.

मूळ तक्ता ओरोझबेकच्या बैठकीत, म्हणजे मंडळ त्याच्या घरी येणार. मंडळ घरी येणार म्हणजे मेंढा कापावाच लागणार. आणि मेंढा कापला की कुठलं हाड कुणाला, हा प्रश्न आलाच. आमच्याकडे उकडलेला मेंढा पानात वाढत नाहीत, मानाप्रमाणे देतात. सगळ्यात वडीलधाऱ्याला कमरेचं हाड, मग नळ्या, मग फऱ्या, मग बरगड्या, अशी प्रत्येकाची पायरी ठरलेली. मुंडकं प्रमुख पाहुण्याला. त्याचे कान मात्र आधीच कापून घ्यायचे आणि एक कान मंडळीतल्या सगळ्यात लहानाला द्यायचा. अर्थ एवढाच की बाळा, तू अजून ऐकायचं. यात चूक झाली तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. झुमाश अक्यांचे एक मामा चुकीच्या बरगडीवरून खोरं सोडून गेले होते.

कानिशाईने या वेळी नवऱ्यावर काही सोडलं नाही. तिने हाडांचाही तक्ता केला, वयानुसार, आणि घडी करून त्याच्या खिशात घातला. वर बजावलं की डोकं चालवू नका, वाचत जा आणि देत जा. सगळ्यात लहान म्हणून यादीत इस्पितळाचा दंतवैद्य होता, अडतीस वर्षांचा.

मंडळ आलं. पांढऱ्या केसांचे एक भारदस्त प्राध्यापक, एक जाडसर अधिकारी आणि बरोबर धावायच्या बुटांतली एक बारीकशी तरुणी, काखेत फाइल. बुरुल एजेंनी प्राध्यापकांसमोर उभं राहून वीस मिनिटं स्वागताचं भाषण केलं. प्राध्यापक प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. फार समजूतदार माणूस, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं, हे तिथे हजर असलेल्या एकमेव कानाच्या डॉक्टरलाही कळलं नाही. अकरा वर्षांच्या फाइलींनी तेवढं करून ठेवलं होतं. तरुणीने आपलं नाव अक्मूर सांगितलं आणि भाषण संपायच्या आतच ती सर्जरीच्या वॉर्डात निघून गेली. तिथे ती दोन तास होती. सागिन अक्यांबरोबर चहा प्यायली आणि आपला पेला आपण विसळून ठेवला. चिटणीस असावी, बुरुल एजे म्हणाल्या, पोरगी वळणाची आहे.

संध्याकाळी सगळे ओरोझबेककडे जमले. प्राध्यापकांना आतल्या मानाच्या जागी बसवलं. अक्मूर आपणहून दाराजवळ बसली. भिंतीवर सहा देश भरलेले आणि सातवी ओळ रिकामी. तिच्यापुढे ओरोझबेकने मुद्दाम चहाचा उंच समोवार ठेवला होता, म्हणजे ती झाकली जाईल. मांस आलं. ओरोझबेकने बाह्या सारल्या, खिशातली यादी मांडीवर उलगडली आणि बायकोने सांगितल्याप्रमाणे वाचत वाचत देऊ लागला. कमरेचं हाड सागिन अक्यांना. दुसरं झुमाश अक्यांना. मुंडकं मोठ्या अदबीने प्राध्यापकांना. सगळं रांगेत चाललं होतं. मग यादीतली शेवटची ओळ: कान, सगळ्यात लहान. दंतवैद्य आला नव्हता. त्याचाच दात दुखत होता.

ओरोझबेकने मान वर करून विचारलं, इथे सगळ्यात लहान कोण? सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. अक्मूर म्हणाली, मी तेहतीस. ओरोझबेकने सुरीच्या टोकावर कान उचलला, तिच्या हातात दिला आणि वर रिवाजाप्रमाणे चार शब्दही बोलला: “घे पोरी, थोरांचं ऐकत जा.”

तेवढ्यात प्राध्यापक, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात, कौतुकाने म्हणाले, “अरे वा, आमच्या अध्यक्षांना कान दिलात? छान, छान.”

कानिशाई दारात बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परात घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली. बुरुल एजेंचा चेहरा वॉलपेपरच्या पुढच्या बाजूसारखा झाला. ओरोझबेकला वाटलं, भुई दुभंगावी. राजधानीतून आलेल्या मंडळाच्या अध्यक्षांना भर पंगतीत आपण सांगितलं की तू अजून लहान आहेस, गप्प बसून ऐक. दोन महिने, तीन मीटर, सहा देश आणि एक कॅलेंडर, सगळं एका कानावर गेलं. आणि भाकरीवर दिलेला शब्दही. तो सागिन अक्यांकडे बघूच शकला नाही.

अक्मूरने कानाकडे पाहिलं. मग तो खाल्ला, सगळा, सावकाश. बोटं पुसली.

“रीत म्हणजे रीत,” ती म्हणाली. “कान मिळालाय, तर आता ऐकते. पण आधी तो समोवार बाजूला घ्या.”

समोवार बाजूला झाला. ती उठून तक्त्याजवळ गेली, सातवी ओळ बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली आणि विचारलं की ही रिकामी का. ओरोझबेकला दहा सबबी सुचल्या असत्या. पण अपमानाची हद्द झाली की माणूस कधीकधी खरं बोलतो. तो म्हणाला, “काय लिहायचं ते मला कळलं नाही म्हणून. एक सर्जन आहे, एक टेबल आहे आणि शिकायला कुणी नाही. इतर देशांसमोर हे मांडायची लाज वाटली.”

तिने सागिन अक्यांकडे पाहिलं. म्हणाली, “अके, दुपारी तुम्ही मला सांगितलंत ते यांना का नाही सांगितलंत?”

“याने पद्धत विचारली होती,” सागिन अके म्हणाले. “तू माझ्या उस्तादांबद्दल विचारलंस.”

मग म्हातारा बोलला. हातातलं हाड खाली ठेवून, सावकाश. ते या इस्पितळात आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. उस्तादांनी पहिलं वर्षभर सुरीला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं, ऐकायचं, आणि रोग्याला घरी कोण कोण आहे ते विचारून यायचं. दुसऱ्या वर्षी जखमेच्या कडा ओढून धरायचा आकडा हातात दिला. दोन दोन तास धरून हात बधिर व्हायचे. तिसऱ्या वर्षी कातडी शिवू दिली आणि टाका वाकडा पडला की उसवून पुन्हा शिवायला लावलं. मग एके दिवशी ऐन ऑपरेशनमध्ये, पोट उघडं असताना, उस्ताद म्हणाले की मी जरा सिगरेट ओढून येतो, आणि गेले ते आलेच नाहीत.

“मी घामाघूम झालो,” सागिन अके म्हणाले. “दाराकडे बघायचो, कुणी नाही. शेवटी मीच पुरं केलं. बाहेर आलो तर उस्ताद दाराआड उभे. सिगरेट पेटवलेलीच नव्हती. सबंध वेळ फटीतून बघत होते. तिथेच त्यांनी दोन्ही तळवे उघडून मला आशीर्वाद दिला. माझी परीक्षा म्हणाल तर तेवढीच झाली. चाळीस वर्षं मी वाट बघतोय की माझ्याही दाराच्या आत कुणीतरी असावं.”

झुमाश अक्यांनी टोपीने डोळे पुसले. धूर आहे, म्हणाले. बैठकीत धूर नव्हता.

अक्मूर म्हणाली की ती स्वतः जर्मनीत सहा वर्षं शिकून आली आहे. तिच्या वहीत प्रत्येक ऑपरेशनची नोंद आहे आणि प्रत्येकापुढे सही आहे. “चांगली पद्धत आहे. ती वही आपल्याकडेही हवीच, अके, तुम्हालाही ती भरायला लावणार आहे,” ती म्हणाली. “पण दाराआड कोण उभं होतं, हे लिहायला त्यात रकाना नाही.” मग ओरोझबेककडे वळून तिने विचारलं, पेन आहे का? पेन कानिशाईने दिला. लाल होता.

निर्णय महिन्याने आला. आक्केचूला एक जागा मंजूर, तीन वर्षांसाठी, प्रायोगिक. तक्ता ए-चार आकारात पुन्हा पाठवावा. आणि एक अट: नेमलेल्या शिक्षकाने प्रशिक्षण संपेपर्यंत, म्हणजे पूर्ण तीन वर्षं, जागा सोडू नये. तसं हमीपत्र लिहून द्यावं.

ओरोझबेकने ही अट चारदा वाचली. ज्याला सोडवायला हा सगळा घाट घातला, त्याच्याच पायात तीन वर्षांची बेडी. याला म्हणतात करायला गेलो एक. तो हमीपत्र घेऊन अक्यांच्या घरी गेला, जड पावलांनी, आणि समोर भाकरी ठेवली तर तिला हात लावेना. त्याने सगळं सांगून टाकलं. म्हणाला, माझा शब्द खोटा पडला, तुम्ही सही करू नका, मी परत पाठवतो.

सागिन अक्यांनी कागद लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने विचारलं की काय आहे. अके म्हणाले, तीन वर्षं. ती हात पुसत बाहेर आली.

“जर्दाळू काय, दरसाल येतात,” ती म्हणाली. “चौथा झगा ठेवायला पेटीत जागा नाहीच. पण येणाऱ्या पोराला आपल्याकडे जेवायला ये म्हणावं. शहरातली पोरं हडकुळी असतात.”

अक्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात मुळीच थरथरला नाही, हे ओरोझबेकने डॉक्टर या नात्याने पाहून ठेवलं. मग अक्यांनी स्वतः भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले की मोकळं करतो म्हटलं होतंस ना. एकट्याने वाहायच्या ओझ्यातून तू मला मोकळं केलंस की नाही?

पोरगा आलाच नाही. पोरगी आली. सप्टेंबरात, घाट बंद व्हायच्या महिनाभर आधी, चाकांची मोठी निळी बॅग दगडगोट्यांवरून खडखडवत सेझिम गावात शिरली. झुमाश अके मिरवायला लागले की आपण जर्मनीबद्दल जे जे सांगितलं त्याचा परिणाम झाला. सेझिम म्हणाली, “आजोबा, तुमच्या गोष्टी ऐकून तर मी खात्री करायला जर्मनीला जाणारच होते.” मग तिने ओरोझबेकला सांगितलं की तक्त्याचा फोटो कानिशाई एजेंनी पाठवला होता. “तो रोज बघायचे. बाकीच्या सगळ्या ओळी भरलेल्या होत्या. मला जागा इथेच दिसली.”

त्या संध्याकाळी पुन्हा मेंढा. या वेळी ओरोझबेकने यादी घेतली नाही. कान सेझिमला द्यायचा हे उघडच होतं, पण तो त्याने स्वतः दिला नाही, सुरीसकट सागिन अक्यांपुढे सरकवला. अक्यांनी कान तिच्या हातात ठेवला, आणि ती खात असताना ओरोझबेक लाल पेन घेऊन भिंतीजवळ गेला. सातव्या ओळीत अक्मूरच्या अक्षरात पहिले पाच रकाने भरलेले होते. शेवटचा उरला होता: शेवट कसा होतो. जर्मनी, परीक्षा. इंग्लंड, परीक्षा. भारत, परीक्षा. त्याने ‘आशीर्वाद’ असं लिहायला पेन टेकवला.

“तो ठेव,” सागिन अके मागून म्हणाले. “तो रकाना मी भरणार. तीन वर्षांनी.”

एकाहत्तर वर्षांचा माणूस तीन वर्षांनंतरचा वायदा इतक्या सहज करतोय, हे ऐकून बैठकीतलं कुणी हसलं नाही. ओरोझबेकने पेनाला टोपण लावलं. मग त्याच्या लक्षात आलं की तक्त्याचा खालचा एक कोपरा सुटून गुलाब बाहेर डोकावू लागलेत. त्याने कानिशाईला विचारलं, घरात लांब खिळे आहेत का, चांगले तीन वर्षं टिकतील असे.